अपडेट बंद करण्याआधी: पिन, पासवर्ड आणि ४८ अंकांची रिकव्हरी की

तुमची अडचण मला समजली ती अशी. विंडोज ११ चा लॅपटॉप रात्री आपोआप अपडेट झाला. सकाळी नेहमीचा पिन टाकला, तर ‘पिन उपलब्ध नाही’ असं सांगून त्याने खात्याचा पासवर्ड मागितला. तो पासवर्ड तुम्ही लॅपटॉप घेतला त्या दिवशी टाकला होता, त्यानंतर कधीच नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ वर गेलात, तर कोड जाणार जुन्या मोबाईल नंबरवर, आणि तो नंबर केव्हाच बंद झालेला. भाच्याने ते कसंबसं निस्तरलं. काही आठवड्यांनी पुन्हा एक अपडेट आलं आणि या वेळी थेट निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी कीची मागणी झाली. ती शेवटी भाच्याच्याच खात्यात सापडली. या सगळ्याला कंटाळून तुम्ही कुठूनतरी उतरवलेल्या एका टूलने अपडेट्स कायमची बंद केलीत आणि लॅपटॉप पासवर्ड न विचारता थेट सुरू होईल अशी सोय करून घेतलीत. आता तुम्ही विचारताय की यात काही बिघडलं का, आणि घरातल्या विंडोज १० च्या डेस्कटॉपचं काय करायचं.

बिघडलं. दोन्ही निर्णय मागे घ्या असं मी तुम्हाला स्पष्ट सांगेन. पण तुमचा वैताग अगदी रास्त आहे, आणि ‘अपडेट करत चला, पासवर्ड लक्षात ठेवत चला’ एवढं सांगून तो जाणार नाही. मी घरगुती आणि छोट्या कार्यालयांतल्या संगणकांची देखभाल बरीच वर्षं करते आहे. अपडेटनंतर अडकलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा अपडेटने खरोखर काही मोडलेलं असतं असं फार थोड्या वेळा दिसतं. बहुतेक वेळा अपडेटने फक्त ओळख पुन्हा विचारलेली असते आणि ती पटवायचं साधन माणसाकडे नसतं. पासवर्ड विसरलेला, नंबर जुना, की दुसऱ्याच्या खात्यात. या तिन्ही गोष्टी अपडेटच्या आधीपासून तशाच होत्या, त्या दिवशी फक्त उघड्या पडल्या. म्हणून तुमचा खरा प्रश्न अपडेट चालू ठेवायचं की बंद करायचं हा नाही. लॅपटॉपने कुठल्याही दिवशी ओळख विचारली तर आत जायची वाट तुमच्या हातात आहे का, हा आहे.

पुढे जाण्याआधी, काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. लॅपटॉप कार्यालयाने दिलेला असेल तर खालचं काहीही स्वतः करू नका. तिथे अपडेटचं वेळापत्रक आणि रिकव्हरी की दोन्ही त्यांच्या आयटी विभागाकडे असतात, त्यांनाच विचारा. यंत्र तुमचं एकट्याचं आहे की घरातले सगळे वापरतात, ते घराबाहेर जातं का, त्यावर बँकेचे आणि कामाचे व्यवहार होतात का, यानेही काटेकोरपणा कमी-जास्त होईल. तुमच्या वर्णनावरून लॅपटॉप तुमचाच आहे, प्रवासात बरोबर असतो आणि सगळे आर्थिक व्यवहार त्यावरच होतात, असं धरून मी लिहिते आहे.

आधी पिनचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू झाला. पासवर्ड तुमच्या खात्याचा असतो आणि तो जगातल्या कुठल्याही संगणकावरून चालतो. पिन फक्त त्या एका लॅपटॉपचा असतो. तो कुठल्याही सर्व्हरवर जात नाही. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरच्या आतच टीपीएम नावाचा सुरक्षेचा भाग असतो. त्यात तुमच्या खात्यासाठी एक गुप्त की जपलेली असते आणि बरोबर पिन टाकला की टीपीएम ती वापरू देतो. चुकीचे पिन टाकत राहिलं तर टीपीएम स्वतःच काही काळ उत्तर देणं थांबवतो. म्हणूनच सहा आकडी पिन दिसायला किरकोळ वाटला तरी कमकुवत नसतो: तुमचा पिन दूरवरच्या चोराला कळला तरी लॅपटॉप हातात असल्याशिवाय त्याला तो कुठेच वापरता येत नाही.

पण याच रचनेमुळे टीपीएममधली ती नोंद विस्कटली की पिन अचूक असूनही निरुपयोगी होतो. फर्मवेअर (यंत्र सुरू करणारं, मदरबोर्डवरच असलेलं मूळ सॉफ्टवेअर) बदलताना टीपीएम रिकामा झाला, किंवा अपडेटच्या वेळी पिनशी संबंधित फाइली बिघडल्या, की असं होतं. मग यंत्राला तुमची ओळख पटवायचा मार्ग एकच उरतो, खात्याचा पासवर्ड. आणि रोज पिन किंवा बोटाचा ठसा वापरणाऱ्या माणसाला नेमका तोच आठवत नाही. हे विंडोजपुरतंच आहे असं नाही. मॅक रीस्टार्ट केला की पहिल्यांदा टच आयडी चालत नाही, पासवर्डच लागतो. फोनही रीस्टार्टनंतर ठसा किंवा चेहरा न घेता आधी पिन विचारतो. अपडेट म्हणजे रीस्टार्ट आलाच, आणि रीस्टार्ट म्हणजे मूळ गुपिताची विचारणा.

आता तो निळा पडदा. त्याची भीती सगळ्यात जास्त असते, म्हणून जरा सविस्तर सांगते. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की बहुतेक वेळा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कीशिवाय वाचता येणार नाही अशी होते. होम आवृत्तीत त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, प्रोमध्ये बिटलॉकर. लॅपटॉप सुरू होताना टीपीएम प्रत्येक टप्प्याची मोजमापं घेतो: फर्मवेअर कोणतं, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू आहे का, बूट लोडर (विंडोज सुरू करणारा प्रोग्राम) कोणता. ही मोजमापं आधीच्या नोंदीशी जुळली तरच डिस्क उघडली जाते. फर्मवेअर अपडेट झालं की मोजमाप बदलतं, आणि टीपीएमला हे तुमचं अपडेट आहे की कुणी डिस्कशी छेडछाड केली आहे ते सांगता येत नाही. तो रिकव्हरी की मागतो. संरक्षण म्हणून त्याचं वागणं बरोबरच आहे. क्वचित साध्या मासिक अपडेटनेही हे होतं. जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर काही संगणक रिकव्हरीच्या पडद्यावर अडकले होते आणि मायक्रोसॉफ्टने पुढच्या महिन्यात ती चूक दुरुस्त केली.

की भाच्याच्या खात्यात का सापडली? कारण लॅपटॉप नवा असताना तो चालू करून देताना त्याने आपल्या खात्याने साइन इन केलं असणार. ज्या खात्याने डिस्कचं एन्क्रिप्शन सुरू होतं, त्याच खात्यात की जमा होते. ही गोष्ट मी फार वेळा पाहिली आहे. यंत्र एकाचं असतं आणि की नातेवाइकाच्या, जुन्या सहकाऱ्याच्या किंवा लॅपटॉप लावून देणाऱ्याच्या खात्यात असते. तुमचा भाचा हाताशी होता म्हणून निभावलं. की कुठेच सापडली नाही तर मायक्रोसॉफ्टसुद्धा ती नव्याने तयार करून देऊ शकत नाही. डिस्क पुसून विंडोज पुन्हा टाकणं एवढंच उरतं, आणि बॅकअप नसेल तर फोटो, कागदपत्रं सगळं जातं.

म्हणून आज लॅपटॉप नीट चालू असतानाच हे करा. भाच्याला त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ब्राउझरमधून साइन इन करायला सांगा. उपकरणांच्या यादीत तुमच्या लॅपटॉपच्या नावाखाली रिकव्हरी की आणि तिची की आयडी दिसेल. दोन्ही कागदावर उतरवून घ्या किंवा छापून घ्या. पुढे कधी निळा पडदा आला तर त्यावरही की आयडी दिलेली असते. तिची पहिली आठ अक्षरं तुमच्या कागदावरच्या आयडीशी जुळली तर की तीच. एकाच खात्यात तीन-चार यंत्रांच्या की असतात आणि लोक भलतीच टाकत बसतात, म्हणून ही जुळणी आधी करायची.

हाताने उतरवताना चूक झाली का, हे तपासायची एक सोपी पद्धत आहे. की आठ गटांत असते, प्रत्येक गटात सहा अंक, आणि प्रत्येक गटाची संख्या ११ ने पूर्ण भाग जाणारी असते. समजा एक गट ४१८२६४ आहे. ११ ने भागलं की ३८०२४ येतात, बाकी शून्य. घाईत तुम्ही ४१८२४६ लिहिलंत तर भाग पूर्ण जात नाही, बाकी ४ उरते. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ते या हिशेबात हमखास सापडतं. कॅल्क्युलेटर घेऊन आठही गट तपासा, मग कागद जपून ठेवा. त्या पडद्यावर की टाकताना आकड्यांची बटणं चालली नाहीत तर एफ१ ते एफ१० ही बटणं वापरता येतात, एफ१० म्हणजे शून्य.

हा कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. कीचा फोटो किंवा फाइल त्याच लॅपटॉपवर ठेवणं तर कपाटाची किल्ली कपाटात टाकून कुलूप लावण्यासारखं आहे. घरात महत्त्वाची कागदपत्रं जिथे असतात तिथे ठेवा आणि एक प्रत विश्वासाच्या माणसाकडे द्या.

आता अपडेट्स. ‘अपडेट’ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि तिघींना एकच नियम लावला की त्रास होतो.

पहिली म्हणजे मासिक सुरक्षा अपडेट. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट हे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देतं. हे मी थांबवत नाही, कुणाला थांबवू देत नाही. कारण असं की अपडेट प्रसिद्ध झालं की हल्लेखोर जुन्या आणि नव्या फाइली शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधतात. म्हणजे दुरुस्ती आली त्या दिवसापासून भोक कुठे आहे हे त्यांनाही कळू लागतं, आणि ज्याने दुरुस्ती घेतली नाही तो आदल्या दिवसापेक्षा जास्त धोक्यात येतो. वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं उदाहरण मी नेहमी देते. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ लाच आलं होतं. हल्ला झाला १२ मे २०१७ ला. हाताशी जवळपास दोन महिने होते. तरी सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्यात सापडले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्यात कुणी संशयास्पद लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. नेटवर्कवरून ते एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप जात होतं. ‘मी सावध असतो, भलतंसलतं उघडत नाही’ हा दिलासा अशा वेळी कामाला येत नाही.

तरीही पहिल्याच दिवशी घ्या असा माझा आग्रह नाही. महत्त्वाचं काम चालू असेल तर तीन-चार दिवस, फार तर आठवडाभर थांबा. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ‘पॉज’ची सोय आहे, पाच आठवड्यांपर्यंत. तेवढी पुरेशी आहे. महिन्याच्या शेवटाकडे ‘ऐच्छिक’ म्हणून जी प्रिव्ह्यू अपडेट्स दिसतात ती घरच्या यंत्रावर घ्यायचं कारण नाही. त्यातला मजकूर पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये येतोच. ‘अपडेट्स उपलब्ध होताच मिळवा’ असं एक बटण आहे, तेही बंद ठेवा.

दुसरी म्हणजे वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती. इथे मात्र मी थांबायला सांगते. विंडोज ११ च्या होम आणि प्रो आवृत्त्यांना प्रत्येकी २४ महिने सुरक्षा अपडेट्स मिळतात, त्यामुळे नवी आवृत्ती आली म्हणून घाई नसते. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची मोठी आवृत्ती काही लोकांच्या फाइली पुसते आहे हे लक्षात आल्यावर मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच तिचं वितरण थांबवावं लागलं होतं. तेव्हापासून मोठ्या आवृत्तीच्या आधी बॅकअप हा माझा न मोडणारा नियम आहे. नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने दिली जाते आणि ज्या यंत्रांत माहीत असलेली अडचण आहे त्यांच्यासाठी ती मुद्दाम रोखून धरतात. तुमच्या लॅपटॉपला ती अजून दिसत नसेल तर वेगळा इन्स्टॉलर आणून जबरदस्तीने टाकू नका. घेतल्यावर काही बिनसलं, तर सेटिंग्जच्या रिकव्हरीत ‘गो बॅक’ वापरून जुन्या आवृत्तीवर जाता येतं, पण फक्त पहिले दहा दिवस. म्हणून नव्या आवृत्तीनंतर प्रिंटर, कामाची सॉफ्टवेअरं, सगळं त्याच आठवड्यात चालवून बघा.

तिसरी म्हणजे फर्मवेअर, म्हणजे बायोसचं अपडेट. तुमचा निळा पडदा बहुधा यानेच आला. हे रात्री झोपेत होऊ द्यायचं नाही. चार्जर लावलेला, रिकव्हरी कीचा कागद टेबलावर, आणि अर्धा तास मोकळा, असं बसूनच करायचं. मधे वीज गेली किंवा कुणी बटण दाबून बंद केलं तर यंत्र सुरूच होणार नाही, इथवर वेळ येऊ शकते. बिटलॉकरमध्ये फर्मवेअरआधी संरक्षण तात्पुरतं स्थगित करायची सोय आहे. प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमधून ते करून घ्या, म्हणजे की विचारलीच जात नाही.

रात्री अपडेट झालं याचा राग तुमच्या लिहिण्यात दिसतो. ‘ॲक्टिव्ह अवर्स’ नावाची सेटिंग आहे, त्या वेळेत विंडोज आपणहून रीस्टार्ट करत नाही. ती जास्तीत जास्त १८ तासांची ठेवता येते. पण त्याहून माझा भर दुसऱ्या सवयीवर आहे: आठवड्यातून एकदा, तुम्ही समोर असताना, स्वतः विंडोज अपडेटचं पान उघडा, काय वाट बघतंय ते बघा आणि स्वतः रीस्टार्ट करा. जे तुम्ही दिवसा केलंत ते रात्री होणार नाही. आणि रीस्टार्टच करा, नुसतं शट डाउन नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर साठवून ठेवली जाते. ‘मी तर रोज बंद करतो, तरी रीस्टार्ट का मागतो?’ या प्रश्नाचं उत्तर तेच.

ते अपडेट बंद करणारं टूल काढून टाका. अशी टूल्स विंडोजच्या सेवा आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, ओरबाडतात. मग वर्षभराने कुणी अपडेट सुरू करायला गेलं की साठलेला ढीग मधेच अडकतो, आणि दोष पुन्हा अपडेटवर येतो. शिवाय विंडोजच्या अँटीव्हायरसच्या नव्या नोंदी सर्वसाधारणपणे त्याच मार्गाने येतात. टूलमध्ये ‘पूर्ववत करा’ची सोय असेल तर आधी ती वापरा, मग टूल काढा. नंतर विंडोज अपडेटचं पान उघडून तपासणी नीट होते का ते बघा.

लॅपटॉप न विचारता सुरू होतो, याचं मला अपडेट्सपेक्षाही जास्त वाटतं. तुम्ही म्हणता, घरात कोण बघणार. पण तो प्रवासात तुमच्याबरोबर असतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, पण आता ज्याने कुणी लॅपटॉप उचलला आणि चालू केला त्याच्यासाठी ती आपोआप उघडते. ब्राउझरमध्ये तुमचा ईमेल उघडाच असतो. आणि ईमेल ज्याच्या हाती, त्याला बाकी बहुतेक सगळ्या खात्यांचे पासवर्ड ‘विसरलो’ म्हणून बदलून घेता येतात. ही सोय करताना तुमचा खात्याचा पासवर्डही त्याच यंत्रात साठवला गेलेला असतो. बोटाचा ठसा किंवा पिन लावायला दोन सेकंद लागतात. तुमच्या लॅपटॉपला ठशाची सोय असेल तर तीच वापरा, रोजच्या वापरात पासवर्ड टाकायचा कंटाळा तिथेच संपतो.

पण ठसा आणि पिन चालू ठेवले की मूळ पासवर्ड पुन्हा विसरणार. यावर माझा उपाय जुनाच आहे, वहीत लिहा. अनेकांना हे चुकीचं वाटतं, पण घरगुती वापरात धोका कुठून येतो ते बघा. पासवर्ड चोरणारे बहुतांशी दुसऱ्या टोकाला बसलेले असतात, त्यांना तुमच्या कपाटातली वही दिसत नाही. घरातल्याच कुणापासून जपायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड कुलपात जपणारं ॲप, वापरा. वही असो की मॅनेजर, महिन्यातून एकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून ब्राउझरमध्ये साइन आउट करा आणि पासवर्ड टाइप करून पुन्हा आत जा. लिहिलेला पासवर्ड खरंच चालतो का, हे संकटाच्या दिवशी नाही, साध्या दिवशी कळलं पाहिजे.

पासवर्ड कसा असावा याबद्दल जुने समज अजून पक्के आहेत. दर तीन महिन्यांनी बदला, एक मोठं अक्षर, एक चिन्ह, एक आकडा. अमेरिकेच्या निस्ट या प्रमाण संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनातच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका असं सांगितलं, आणि मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये आपल्या सुरक्षा शिफारशींतून मुदतीची अट काढली. सक्ती केली की माणसं शेवटचा आकडा एकने वाढवतात, दुसरं काही होत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांब पासवर्ड करा, आणि तो दुसऱ्या कुठल्याही खात्याला वापरू नका. तो बाहेर फुटल्याचा संशय आला तरच बदला. या सगळ्यात ‘दुसरीकडे वापरू नका’ हा भाग सगळ्यात मोलाचा आहे. एखाद्या किरकोळ संकेतस्थळावरून फुटलेल्या ईमेल-पासवर्डच्या जोड्या हल्लेखोर मोठ्या सेवांवर यंत्राने लावून बघतात. तुमचा पासवर्ड कितीही अवघड असला आणि दोन ठिकाणी सारखा असला, तर ते अवघडपण वाया जातं.

जुन्या नंबरचं काम आजच करा. खात्याच्या सुरक्षा माहितीत जाऊन आधी नवा नंबर आणि एक वेगळा ईमेल जोडा, दोन्ही कोड टाकून पक्के झाले की मगच जुना नंबर काढा. हा क्रम महत्त्वाचा आहे. जुनी साधनं हातात नसताना सगळी सुरक्षा माहिती एकदम बदलायला गेलात तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावतं. तो थांबा मुद्दाम ठेवलेला आहे: खातं चोराने बळकावलं असेल तर खऱ्या मालकाला ते कळून रोखता यावं म्हणून. तिथेच २५ अक्षरांचा रिकव्हरी कोडही तयार करून घेता येतो. तो बिटलॉकरच्या ४८ अंकी कीपेक्षा वेगळा आहे. हा खात्यात शिरण्यासाठी, ती डिस्क उघडण्यासाठी. कागदावर दोन्हींना नाव देऊन लिहा, नाहीतर गरजेच्या वेळी कोणता कुठे टाकायचा हे कळत नाही.

दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) तुम्ही अजून लावलेली नाही असं दिसतं. लावा, पण सुरुवात ईमेलपासून करा, बाकीची खाती नंतर. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं, कारण ते नंबरवर अवलंबून नसतं. ॲपमधला सहा आकडी कोड साधारण ३० सेकंदांनी बदलतो आणि तो एक गुपित आणि घड्याळ यांच्यावरून फोनमध्येच तयार होतो, त्याला नेटवर्क लागत नाही. म्हणून ‘कोड बरोबर टाकला तरी चुकीचा म्हणतो’ अशी तक्रार आली की मी आधी फोनची वेळ बघते. वेळ आपोआप ठरण्यावर ठेवली की बहुधा काम होतं. नवा फोन घेतलात तर जुना विकण्याआधी ॲपमधली खाती नव्या फोनवर आली आहेत आणि त्या कोडने प्रत्यक्ष साइन इन होतं, हे दोन्ही बघा. गूगल खातं असेल तर आठ अंकी दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालणारा. ते त्याच वहीत छापून चिकटवा.

पासकीबद्दल (पासवर्डऐवजी ठशाने किंवा पिनने साइन इन करायची सोय) विचारलं नाहीत, पण लवकरच कुठेतरी ‘पासकी तयार करायची का?’ असं विचारलं जाईल. मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून तिला पाठिंबा जाहीर केला, आणि मला ती मनापासून आवडते. पासकीत खासगी की तुमच्या उपकरणात किंवा तुमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असते, संकेतस्थळाकडे फक्त तिची सार्वजनिक जोडी जाते. आणि ती त्या एका पत्त्याशीच बांधलेली असते. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर तुम्ही फसलात तरी पासकी फसत नाही, कारण पत्ता जुळत नाही. फक्त ती कुठे साठते आहे ते बघा: लॅपटॉपपुरतीच असेल तर दुसऱ्या उपकरणावर आणखी एक तयार करा.

एक सावधगिरी मात्र. तुम्ही ते टूल शोधत फिरलात, तेव्हा ‘तुमचं विंडोज कालबाह्य झालं आहे, या नंबरवर फोन करा’ अशी पानं नक्की दिसली असतील. विंडोजचा खरा इशारा फोन नंबर देत नाही. खरं अपडेट सेटिंग्जमध्येच असतं, ब्राउझरच्या पानावर नाही. असं पान पूर्ण पडदा व्यापून बसलं तर एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. कुणालाही लॅपटॉपचा ताबा देऊ नका.

राहिला डेस्कटॉप. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरकर्त्यांसाठी विस्तारित सुरक्षा अपडेट्सची योजना आहे, ती नोंदणी केलेल्या यंत्रांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचं संरक्षण देते. नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते आणि तिला मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. आधी ते यंत्र विंडोज ११ ला चालतं का ते मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेकने बघा. टीपीएम २.० नाही असं उत्तर आलं तरी लगेच हार मानू नका. बऱ्याच डेस्कटॉपवर तो प्रोसेसरमध्ये असतो आणि बायोसमध्ये फक्त बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डांवर तो पीटीटी या नावाने सापडतो, एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम. प्रोसेसरच जुना असेल तर मात्र इलाज नाही. अटी चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत, पण तशा यंत्राला पुढची अपडेट्स मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि तुमच्यासारख्या आधीच वैतागलेल्या माणसाला मी तो मार्ग सुचवणार नाही. त्यावर फक्त ब्राउझर, ईमेल आणि लिखाण होत असेल तर उबंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीची दीर्घ मुदतीची आवृत्ती बघा, तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट्स मिळतात. पेनड्राइव्हवरून ती न टाकताच चालवून बघता येते. प्रिंटर आणि वायफाय त्यात चालतात का ते आधी तसंच तपासा. डेस्कटॉपवरच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क लॅपटॉपला लावून उघडते आहे हे बघेपर्यंत मात्र त्या यंत्रावर कशालाच हात लावू नका.